घटापाशी ठेवलेली वही

लोहगडवाडीत कुणाचं काही अडलं की नंदाबाई आधी उठतात आणि मग काय झालं ते विचारतात. शेजारच्या भिकाजीची म्हैस विताना अडली, तेव्हा त्या पिठाच्या हातांनीच गोठ्याकडे धावल्या होत्या. गडावर आलेल्या एका मुलीचा पाय मुरगळला, तर तिला पाठीवर घेऊन यायला नवऱ्याला पिटाळून त्या स्वतः हळद गरम करायला बसल्या. दुसऱ्याचं दुःख नुसतं ऐकून घेणं त्यांना जमत नाही, पाय आपोआप हलतात. वाडीला याचं कौतुक आहे आणि थोडी धास्तीही.

पवना धरणाच्या बाजूच्या एका गावातून त्या लग्न होऊन इथे आल्या. शाळा सातवीपर्यंत. अक्षर मात्र गोल आणि सुबक. गडाच्या पायथ्याला त्यांचं पत्र्याचं हॉटेल आहे, त्याच्या पाटीवर ‘पिठलं भाकरी, ताक, कांदाभजी’ असं त्यांनीच रंगवलंय. एक मुलगी होती, ती लग्न होऊन कामशेतला गेली. सासू गेल्यापासून घरातली थोरली बाई त्याच. घरात नवरा बजरंगभाऊ, धाकटा दीर मारुती आणि मारुतीची बायको अनिता. मारुती आंबीच्या एका कारखान्यात कामाला जातो आणि बायकोही त्याने आंबीचीच केली.

अनिता नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला चुलीवरची भाकरी येत नव्हती. माहेरी गॅस होता. नंदाबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि तेव्हापासून दोघींची कामं ठरून गेली. नंदाबाई थापायच्या, अनिता भाजायची. थापणारीची नजर परातीत, भाजणारीची तव्यावर. एकमेकींच्या तोंडाकडे बघायची वेळच येत नाही, त्यामुळे तोंडावर बोलता येत नाही तेही बोलून होतं. अनिता सगळं बोलायची. माहेरचं, नवऱ्याचं, रात्री पडलेलं स्वप्न. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले, तेही मारुतीच्या आधी नंदाबाईंना कळलं, तवा आणि परात यांच्यामध्ये. आपल्या पोटच्या मुलीनेही आपल्याला इतकं कधी सांगितलं नाही, असं नंदाबाई मनात म्हणायच्या, आणि त्यात त्यांना सुख वाटायचं.

गेल्या वर्षी सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. नवरात्र तोंडावर होतं. सुतकामुळे त्या वर्षी घरात घट बसला नाही. अनिता दवाखान्यातून आली ती गप्प होऊनच. मोरीच्या दगडावर बसून राहायची, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून. झोप उडाली, जेवण उडालं. नंदाबाईंनी भगत आणला, अंगारे झाले, उतारे झाले. थंडी सरत आली तेव्हा मारुतीने हट्ट धरला आणि तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मळवलीहून लोकलने नंदाबाईच तिला घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेजारच्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या अनघा मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण होत्या, बोलायला मऊ.

“काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“मी तिची जाऊ हाय. तिचं सगळं मला म्हाईत असतंय.”

“हो, म्हणूनच,” मॅडम हसून म्हणाल्या.

नंदाबाई बाकावर बसल्या. आत अनिता बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता, कितीतरी महिन्यांनी. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग काहीतरी आंबट वर आलं.

निघताना मॅडमनी सांगितलं, “रोज थोडं लिहायचं. मनात येईल ते. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असं लिहायचं. खोडायचं नाही आणि कुणाला दाखवायचं नाही.”

“मलाबी न्हाई?” नंदाबाईंनी विचारलं.

“तुम्हालाही नाही, काकू.”

वही मात्र नंदाबाईंनीच घेतली. बाजारात फकरुद्दीनभाईंच्या दुकानात त्यांनी चार वह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि जाड पुठ्ठ्याची, वर मोर असलेली निवडली.

“कितवीला आहे पोरगी?” फकरुद्दीनभाईंनी विचारलं.

“पोरगी न्हाई. डाक्टरचं औषद हाय,” नंदाबाई म्हणाल्या. “चांगल्या कागदाची द्या. शाई फुटाया नको.”

औषध लागू पडलं. गोळ्यांनी की वहीने, ते सांगता येणार नाही, दोन्हींनी म्हणू या. उन्हाळ्यात अनिता जेवू लागली, पावसाळ्यात गर्दीच्या शनिवार-रविवारी हॉटेलात उभी राहिली, गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागली. संध्याकाळी भाकऱ्या पुन्हा दोघी मिळून करू लागल्या. फक्त बोलणं बदललं होतं. “लाकडं ओली हायेत.” “पीठ संपत आलंय.” “भजी उद्या कमी करू.” एवढंच. शेवटची भाकरी टोपल्यात पडली की अनिता हात धुवायची, फळीवरची वही काढायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. नंदाबाई चुलीपुढून बघत राहायच्या. तिची मान वहीवर वाकलेली असायची. पेन थांबायचं, ती लांब कुठेतरी बघायची आणि परत भराभर लिहू लागायची. कधी लिहिता लिहिता स्वतःशीच हसायची. ते हसणं नंदाबाईंच्या जिव्हारी लागायचं.

“झालं का सांगून तुझ्या मोराला?” त्या विचारायच्या.

“व्हय, आक्का.”

“काय म्हनला मोर?”

“मोर काय म्हननार. गप असतोय तो.”

“तुझं ब्येस हाय. ऐकनारा बी गप आनि आमी बी गप.”

अनिता हसण्यावारी न्यायची. बजरंगभाऊंच्या मात्र लक्षात आलं होतं. एकदा ते म्हणाले, “अगं, वहीच हाय ती. सवत असल्यागत काय बघतीस तिच्याकडं?”

“सवत परवडली. तिच्या झिंज्या तरी धरता येत्यात.”

वही उघडून वाचावी, असं नंदाबाईंच्या मनात कधी आलं नाही असं नाही. फळी हाताच्या अंतरावर होती आणि अनिता पाण्याला जायची तेव्हा घरात कुणी नसायचं. पण त्यांना वाचायचं नव्हतंच. अनिताच्या मनात काय आहे हे कळून त्यांचं समाधान झालं नसतं. ते तिने आपल्याला सांगायला हवं होतं. चोरून घेतलेल्या गोष्टीत ते सुख कुठलं?

एकदा त्यांनी स्वतःच लिहून पाहिलं. हिशेबाच्या कागदामागे ‘आज सोमवार. भाताला लोंब्या आल्या’ एवढं गोल अक्षरात लिहिलं आणि पुढे पेन हलेना. आपण हे कुणाला सांगतोय तेच त्यांना कळेना. कागद चुलीत गेला.

मग नवरात्र आलं. एका वर्षाच्या खंडाने घरात घट बसणार होता. नंदाबाईंनी घर सारवून घेतलं, पत्रावळीवर माती पसरली, सात धान्यं पेरली, मधोमध पाण्याचा घट ठेवला. विड्याच्या पानांची पहिली माळ बांधली, दिवा लावला. मग त्या उठल्या, फळीवरची वही आणि पेन घेतलं, वहीवर हळदकुंकू वाहिलं आणि दोन्ही घटाशेजारी पाटावर ठेवलं.

त्यांच्या घराची रीत अशी की पूजेला मांडलेली वस्तू घट हलल्याशिवाय उचलायची नाही. खंडेनवमीला कोयता, विळा, खुरपं मांडायचं, दसऱ्याला घट हलवला की हातात घ्यायचं. एक दिवसाचा प्रश्न. वही पहिल्या दिवशी मांडायची रीत त्यांच्या घरात काय, वाडीत कुणाकडेच नव्हती.

“आक्का, हत्यारं नवमीला असत्यात की,” अनिता म्हणाली.

“हत्यारं नवमीला. ही इद्या हाय. इद्येला नऊ दिस.”

“आमच्या आईनं न्हाई कदी असं मांडलं,” बजरंगभाऊ दारातून म्हणाले.

“तुमच्या आईच्या टायमाला घरात वही हुती का?”

बजरंगभाऊ म्हशीकडे निघून गेले.

“मग मी तवर दुसऱ्या कागदावर लिवू?” अनिताने विचारलं.

“पेन बी पूजेला हाय. लिवायचंच न्हाई नऊ दिस. शाळंत न्हाई का सरस्वतीपुढं पुस्तक ठिवलं की पोरं अभ्यास बंद करत?”

अनिता घटाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “असू द्या. गेल्या साली माझ्यामुळं घट बसला न्हाई. औंदा काय चुकाया नको.”

‘तुझ्यामुळं न्हाई गं’ एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. नंदाबाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण ते म्हटलं असतं तर अनिताने वही मागितली असती. त्यांनी दिव्यात तेल घातलं.

पहिल्या संध्याकाळी अनिता गप्पच होती. दुसऱ्या माळेला मात्र तवा तापता तापता ती आपणहून म्हणाली, “आईचं गुडघं लय दुखत्यात म्हनं. वहिनी दवाखान्यात न्यायचं नावच काढीना.”

नंदाबाईंच्या हाताखालची भाकरी परातीएवढी झाली. त्यांनी खोदून खोदून विचारलं, कधीपासून, कुठला गुडघा, भाऊ काय म्हणतो. अनिता सांगत गेली. त्या रात्री उपासाची भगर नंदाबाईंना गोड लागली. बघा, वही मिटली आणि पोरगी बोलती झाली. आपण काही वाईट केलं नाही.

सकाळी त्यांनी आंबीला फोन लावला आणि अनिताच्या वहिनीला चांगलं सुनावलं. म्हाताऱ्या माणसाचे हाल करू नयेत, आज ना उद्या आपलेही गुडघे दुखणार आहेत, वगैरे. दुपारी वहिनीचा अनिताला फोन आला. अनिताने नुसतं ऐकून घेतलं.

“काय म्हनली?” नंदाबाईंनी उत्साहाने विचारलं.

“सासरी आमची गाऱ्हानी सांगत बसतीस व्हय, म्हनली.”

“म्हनू दे. बरी खडसावली मी तिला. आता न्हेती का न्हाई बघ.”

अनिता काही बोलली नाही. त्या संध्याकाळीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या माळेला पिठल्यात मीठ दोनदा पडलं. पहाटे नंदाबाई म्हशीकडे निघाल्या तर अनिता पडवीत जागी बसलेली. हे सगळं त्यांना दिसत होतं. पण मन एकदा आंबलं की दिसलेलं नीट कळत नाही. त्यांना वाटलं, ही मुद्दाम करतेय. मोर असता तर त्याला पानंच्या पानं सांगितलं असतं. माझ्यापुढे मात्र तोंड शिवलंय. दळण निवडताना त्या सूप जरा जास्तच जोरात आपटत होत्या.

पाचवी माळ शनिवारी आली. पाऊस ओसरला होता, गडावर सोनकी फुलली होती आणि पुण्या-मुंबईची पोरं झुंडीने आली होती. बाकं भरली. नंदाबाई थापत होत्या, बजरंगभाऊ ताटं नेत होते. “काकू, भाकरी जळतेय,” कुणीतरी म्हणालं. नंदाबाईंनी वर पाहिलं. तव्यावर काळा धूर होता आणि अनिता त्याच्याकडे बघत उभी होती, जणू तो दुसऱ्या कुणाच्या घरचा धूर होता. मग तिने उलथनं खाली ठेवलं आणि ती मागच्या दाराने निघून गेली.

नंदाबाई उठल्या. हॉटेलामागे पाण्याच्या टाकीपाशी अनिता दगडावर बसली होती. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. गेल्या वर्षीची बसण्याची तीच तऱ्हा.

“अनिता. काय हुतंय?”

“त्याचं वर्स आलं, आक्का. तारखेनं मंगळवारी.” ती जमिनीकडे बघत होती. “रोज तेच फिरतंय डोक्यात. लिवलं की जरा भाईर जायाचं. आता आतच फिरतंय.”

“मग मला सांगायचं की. मी काय मेले हुते?”

अनिताने मान वर केली. रागाने नाही. थकलेल्या माणसाला खोटं बोलायची ताकद नसते, तशी ती बोलली.

“तुमाला सांगितलं की तुमी उटताय.”

“म्हंजी?”

“आईच्या गुडघ्याचं सांगितलं, तुमी फोन लावला. झोप येत न्हाई म्हनले तर भगत आनला. बाळाचं नाव ठरिवलं हुतं ते तुमाला सांगितलं, तर तुमी इतक्या रडला की मलाच तुमास्नी गप करावं लागलं.” ती थांबली. “तुमी वाईट न्हाई, आक्का. तुमच्यासारकं कोन करतंय. पन मला काय करून घ्यायचंच नसतं. नुसतं कुटंतरी ठिवायचं असतंय. वही काय करत न्हाई. ठिवून घेती.”

आतून बजरंगभाऊंची हाक आली, दोन ताटं अडली होती. नंदाबाईंनी ओ दिली नाही. त्यांना राग आला होता, रडूही आलं होतं आणि या दोन्हींच्या खाली तोच जुना हेवा जळत होता. दहा वर्षं पदराखाली घेतलेली पोर, आणि तिला आपल्यापेक्षा पुठ्ठा बरा वाटतो.

“बस हितंच,” त्या म्हणाल्या आणि घराकडे निघाल्या.

घरात दिवा शांत जळत होता. पत्रावळीतलं धान बोटभर वर आलं होतं, फिकट पिवळं. नंदाबाई घटापुढे उभ्या राहिल्या. पाटावर हात घालण्याआधी देवीला काहीतरी सांगायला हवं होतं.

“मला हेवा वाटला,” त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. “मीच आनलेल्या वहीचा. ती हसायची लिवताना, ते मला बघवंना. पोर परत तशी बसली, ती माझ्यामुळं. तुझं नाव पुढं केलं आनि माझं काम साधलं.”

दिवा तसाच जळत राहिला. घट जागचा हलला नाही, कुणी त्यांना दटावलं नाही, कुणी समजूत काढायला उठलं नाही. नंदाबाईंच्या छातीवरचं ओझं किंचित सरकलं होतं, आणि ते सरकवायला कुणी हात लावला नव्हता. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या एकदम खालीच बसल्या.

वही हातात घेऊन त्या दाराशी आल्या तर समोर बजरंगभाऊ. ताटं संपली म्हणून घरातली न्यायला आले होते.

“अगं, घट हालायच्या आधी?”

“मीच ठिवली हुती. देवीनं मागितली नव्हती.”

“आनि काय झालं तर?”

“झालं तर माझ्या नावावर.”

टाकीपाशी जाऊन त्यांनी वही आणि पेन अनिताच्या मांडीवर ठेवलं. पुठ्ठ्यावरच्या मोराच्या अंगाला कुंकू लागलं होतं. “लिव. गिऱ्हाईक मी बघते.”

“पन घट, आक्का...”

“घटाचं बी मी बघते.” त्या वळल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या. “आनि गेल्या सालचं तुझ्यामुळं न्हाई. कुनामुळंच न्हाई. मी तवाच बोलायला पायजे हुतं, न्हाई बोलले.”

एवढं सांगून त्या आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत थापणं आणि भाजणं दोन्ही त्यांनीच केलं. काही भाकऱ्या कडेला करपल्या. पोरांनी तशाच खाल्ल्या.

गिऱ्हाईक पांगल्यावर घरच्यासाठी भाकऱ्या टाकायला नंदाबाई चुलीपुढे बसल्या. अनिता येईल असं त्यांनी धरलं नव्हतं. ती आली, पाटावर बसली, तवा पुसून चुलीवर ठेवला. पहिली भाकरी पडली, फुगली, टोपल्यात गेली. दुसरी गेली.

“मंगळवारी मला कुटं जायचं न्हाई,” अनिता म्हणाली. “घरातच बसावं वाटतंय. मारुतीला बी सांगितलं न्हाई अजून.”

नंदाबाईंच्या डोक्यात एका दमात सगळं येऊन गेलं. मारुतीला रजा घ्यायला सांगायची, नैवेद्य करायचा, अनघा मॅडमना फोन लावायचा, अनिताच्या आईला गाडी पाठवून आणायचं. त्यांचा एक गुडघा पाटावरून उचललाही गेला होता. त्यांनी दोन्ही हात पिठात दाबले आणि गुडघा खाली घेतला.

“व्हय?” त्या म्हणाल्या.

फार अवघड गेलं ते. अनिताने भाकरी उलटली. मग ती परत बोलू लागली, तुटक तुटक. दवाखान्यातल्या त्या दिवसाचं, नर्सने विचारलेल्या एका प्रश्नाचं, परत येताना जीपमध्ये लागलेल्या उन्हाचं. नंदाबाई थापत राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी खांद्याला पुसलं, आवाज न करता. मध्येच त्यांना वाटलं, हे सगळं आधी वहीला सांगून झालंय, मला उरलंसुरलं मिळतंय. ते वाटणं त्यांनी थांबवलं नाही. थापत राहिल्या.

पीठ संपलं. खाणारी माणसं चार आणि टोपलं शिगोशीग भरलेलं. अनिता अजून सांगतच होती. नंदाबाईंनी डबा ओढला आणि आणखी दोन ओंजळी पीठ परातीत घेतलं.

“आक्का, कुनाला एवढ्या भाकऱ्या?”

“उद्या आयतवार हाय. गिऱ्हाईक लय.”

“शिळी खानार व्हय गिऱ्हाईक?”

“मग म्हशीला घालू,” नंदाबाई म्हणाल्या आणि पिठात पाणी ओतलं. “तू तवा बघ. काय सांगत हुतीस?”